घरातला जागल्या

(अग्निशमन सेवा दिनी, 14 एप्रिल रोजी रोहे येथे दिलेल्या स्मृतिव्याख्यानाचा मजकूर)



आज सकाळी आपण बाबासाहेबांच्या जयंतीच्या मिरवणुकीत होतो. संध्याकाळी याच तारखेच्या दुसऱ्या आठवणीसाठी जमलो आहोत. 14 एप्रिल 1944 रोजी मुंबईच्या व्हिक्टोरिया गोदीत फोर्ट स्टिकीन नावाच्या जहाजाला आग लागली. ती विझवताना मुंबई अग्निशमन दलाचे 66 जण गेले. देशभर हा दिवस अग्निशमन सेवा दिन म्हणून पाळतात तो त्यांच्यासाठी. आजचं व्याख्यानही त्यांच्याच स्मरणार्थ आहे.

जहाजात सुमारे 1400 टन स्फोटकं होती आणि कराचीत चढवलेल्या कापसाच्या गाठी होत्या. दुपारी साडेबाराच्या सुमारास शेजारच्या जहाजावरच्या माणसांना त्याच्या दोन नंबरच्या कोठारातून धुराची रेघ वर येताना दिसली होती. त्यांनी ती पाहिली, त्या जहाजावर कोणालाच त्याचं काही वाटत नाही म्हणजे विशेष काही नसेल असं समजले आणि आपापल्या कामाला लागले. खुद्द फोर्ट स्टिकीनवर ओरड झाली ती पावणेदोनच्या पुढे. बंब आले, पाण्याचा मारा सुरू झाला, पण आग कोठाराच्या पोटात नेमकी कुठे आहे हे कळत नव्हतं. चार वाजून सहा मिनिटांनी पहिला स्फोट झाला आणि अर्ध्या तासाने दुसरा. हादरा सिमल्याच्या भूकंपमापकावर नोंदला गेला. ते 66 जण मात्र पहिल्या बंबापासून पाण्याचे पाइप हातात धरून उभे होते.

इतकी वर्षं हा प्रसंग मी वाचत आलो आणि दरवेळी साडेबारा आणि पावणेदोन या दोन वेळांपाशी अडतो. धूर होता, पाहणारेही होते. हाक मारणारं कोणी नव्हतं. आज मला बोलायचं आहे ते घरातल्या या हाकेबद्दल. आपल्या घरात, आणि आपण भाड्याने दिलेल्या खोलीत, रात्री दोन वाजता धूर झाला तर हाक कोण मारणार?

मी कोण ते थोडक्यात सांगतो. धाटावच्या एमआयडीसीत एका रसायन कारखान्यात मी सव्वीस वर्षं सुरक्षा विभागात होतो. राहायला पेणला. कंपनीच्या बसने रोज जायचो, यायचो. दर महिन्याच्या पहिल्या आठवड्यात प्लँटमधला एकेक डिटेक्टर तपासायचा, वहीत सही करायची, तीन महिन्यांनी मॉक ड्रिल घ्यायचं, हे माझं काम होतं. नागोठण्याला नोव्हेंबर 1990 मध्ये गॅस क्रॅकर प्रकल्पात वायू गळून स्फोट झाला आणि तिसाहून अधिक माणसं गेली, तेव्हा मी नोकरीत नवा होतो. त्या घटनेनंतर या पट्ट्यातल्या प्रत्येक सुरक्षा अधिकाऱ्याच्या मनात एक कान कायमचा जागा राहिला.

तो कान मी कंपनीच्या गेटवर ठेवून घरी येत होतो. हे मला कळलं ते बारा वर्षांपूर्वी.

पेणला माझ्या घरावर मी दोन खोल्या काढल्या आहेत, बाहेरून जिना घेऊन. त्या भाड्याने देतो. त्या वर्षी मागच्या खोलीत नांदेडकडचं एक तरुण जोडपं आणि त्यांची चार वर्षांची मुलगी राहत होती. जून महिना होता आणि मच्छर खूप झाले होते. त्यांनी गादीच्या कडेला डासांची कॉइल लावली आणि झोपले. पावसाच्या झडीमुळे खिडक्या घट्ट लावलेल्या. चादरीचं टोक कॉइलवर पडलं असावं. फोमची गादी ज्वाळा न येता आतल्या आत धुमसत राहिली. माझ्या शेजारचा मुलगा धाटावलाच दुसऱ्या पाळीला होता. बारा-सव्वाबाराला तो कंपनीच्या बसमधून उतरला, गल्लीत शिरला आणि वर बघून थबकला. आमचं दार वाजवून म्हणाला, "काका, मागच्या खोलीच्या खिडकीतून धूर येतोय."

आम्ही वर धावलो. दार ठोठावलं, हाका मारल्या. आतून काही नाही. कडी होती ती मी बसवलेली, चांगली भक्कम. तिसऱ्या धक्क्याला स्क्रू सुटले. आत गुडघ्याच्या वर काही दिसत नव्हतं. तिघं झोपलेलीच होती. मुलीला मी उचललं तेव्हा ती रडली नाही, मान टाकून होती. गॅलरीत वाऱ्यावर आणल्यावर खोकली, आणि मग रडली. तिघंही वाचली. डॉक्टर म्हणाले, अजून पंधरा-वीस मिनिटं गेली असती तर...

वाक्य त्यांनी पुरं केलं नाही. मी त्या रात्री जिन्यावर बसून होतो. सव्वीस वर्षांत मी कंपनीच्या छताला किती डिटेक्टर बसवले याचा हिशेब करत होतो. माझ्या छताखाली भाडं देऊन झोपलेल्या माणसांसाठी एकही नव्हता. त्या कुटुंबाला वाचवलं ते दुसरी पाळी आणि कंपनीच्या बसचं वेळापत्रक या योगायोगाने.

आता झोपेबद्दल. आपण सगळे धरून चालतो की घरात जळण्याचा वास आला की जाग येईलच. दूध उतू गेलं तर दुपारच्या डुलकीतून आपण उठतो ना, असं वाटतं. पण त्या डुलकीत आपण अर्धे जागेच असतो. अमेरिकेत ब्राउन विद्यापीठात मेरी कारस्काडन आणि रेचेल हर्झ यांनी झोपलेल्या माणसांना पुदिन्याचा आणि पायरिडिन या उग्र रसायनाचा वास देऊन पाहिला. 2004 साली तो अभ्यास प्रसिद्ध झाला. गाढ झोपेत वासाने माणसं उठली नाहीत, आवाजाने उठली. नाक माणसाबरोबर झोपतं, कान पहाऱ्यावर राहतो. आणि धुरातला कार्बन मोनॉक्साइड तर झोप अधिक गाढ करतो. रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो प्राणवायूपेक्षा दोनशे पटींहून अधिक जोराने चिकटतो. माणूस गुदमरून जागा होत नाही, जड होत जातो. त्या मुलीची मान तशी का पडली होती, ते मला नंतर वाचून कळलं.

आपल्याकडच्या बातम्यांतल्या वेळा पाहा. भंडाऱ्याच्या जिल्हा रुग्णालयात 9 जानेवारी 2021 ला नवजात अर्भकांच्या कक्षात दहा बाळं गेली, मध्यरात्रीनंतर. छत्रपती संभाजीनगरच्या छावणी भागात, दाणाबाजारात, 3 एप्रिल 2024 ला पहाटे चारच्या सुमारास तळमजल्यावरच्या कपड्यांच्या दुकानाला आग लागली आणि वर राहणारी एकाच कुटुंबातली सात माणसं गेली. आग त्यांच्या मजल्यापर्यंत पोहोचलीही नव्हती, पोहोचला होता फक्त धूर. त्याच वर्षी 6 ऑक्टोबरला मुंबईत चेंबूरच्या सिद्धार्थ कॉलनीत खाली दुकान आणि वर घर असलेल्या जागेत पहाटे आग लागली, तिथेही एका घरातली सात माणसं. खाली दुकान, वर बिऱ्हाड, मधे एकच जिना. पेणच्या बाजारपेठेत आणि रोह्याच्या बाजारपेठेत हे वर्णन किती घरांना लागू पडतं ते मोजून पाहा. देशात 2022 साली आगीच्या अपघातांत सात हजारांहून अधिक माणसं गेल्याची सरकारी नोंद आहे, त्यांतली निम्म्याहून अधिक राहत्या घरांत.

आपल्या न्यायशास्त्रात अनुमानाचं अगदी पहिलं उदाहरण धुराचं देतात. डोंगरावर धूर दिसतो, त्या अर्थी डोंगरावर अग्नी आहे. शेकडो वर्षं विद्यार्थी हे घोकत आले. त्या उदाहरणात एक गोष्ट गृहीत आहे: डोंगराकडे बघणारा कोणीतरी जागा आहे.

पूर्वी गावात तो असायचा, त्याला जागल्या म्हणत. रात्री फिरायचं, चोर-जनावर-आग यांवर नजर ठेवायची, हाळी द्यायची. हा शब्द मी आजच्या दिवशी जपून वापरतो. हे जागरण बहुतेक ठिकाणी महार किंवा रामोशी समाजाच्या माथी पिढ्यान्‌पिढ्या मारलेलं होतं, आणि त्याचा मोबदला वतनाच्या नावाखाली मिळणारं मूठभर धान्य. 1928 साली बाबासाहेबांनी मुंबईच्या विधिमंडळात वतनाच्या कायद्यात दुरुस्तीचं विधेयक मांडलं ते अशाच वेठीविरुद्ध. एका जातीने जागायचं आणि बाकी गावाने झोपायचं ही व्यवस्था गेली, ती जायलाच हवी होती. पण जागल्याचं काम मात्र उरलं. ते करायला आज तळहाताएवढं यंत्र मिळतं. त्याला झोप नाही, जात नाही, आणि त्याच्यावर अन्यायही होत नाही.

हे यंत्र चालतं कसं ते तुम्हा सगळ्यांना लहानपणापासून माहीत आहे. कौलारू घरात काचेच्या कौलातून उन्हाचा कवडसा पडायचा. एरवी न दिसणारी धूळ त्या कवडशात नाचताना दिसायची आणि चुलीवरून धूर आला की त्याची वळणं त्यात उजळून जायची. स्मोक अलार्मच्या पोटात एक काळोखी खोली आहे. तिच्यात एक बारीक दिवा असाच कवडसा सोडतो. बघणारा डोळा कवडशाच्या वाटेत नसतो, बाजूला बसलेला असतो. त्यामुळे त्याला अंधारच दिसतो. धूर आत शिरला की प्रकाश विखुरतो, थोडा त्या डोळ्यावर पडतो आणि भोंगा वाजतो. घरासाठी घ्यायचा तो हा, प्रकाशावर चालणारा. धुमसणाऱ्या गादीचा धूर तो लवकर ओळखतो.

कौलारू घराचा विषय निघाला म्हणून सांगतो. आपल्या आज्यांच्या घरात चूल दिवसभर पेटलेली असायची, धूर घरभर असायचा, तरी माणसं झोपेत गुदमरून गेल्याचं फारसं ऐकलं नाही. मंगलोरी कौलांच्या फटींतून घर श्वास सोडायचं. आता तेच घर स्लॅबचं झालं. अ‍ॅल्युमिनियमच्या सरकत्या खिडक्या, एसीसाठी बंद केलेल्या फटी, चोरांसाठी लोखंडी ग्रिल, दाराबाहेर आणखी एक जाळीचं दार. आत कापसाच्या गादीऐवजी फोम, लाकडी खुर्चीऐवजी प्लास्टिक, सुती पडद्याऐवजी पॉलिएस्टर. अमेरिकेतल्या यूएल या संस्थेने जुन्या आणि नव्या सामानाच्या खोल्या पेटवून पाहिल्या. पूर्वी बाहेर पडायला सुमारे 17 मिनिटं मिळायची, तिथे आता तीनच्या आसपास मिळतात, असा त्यांचा निष्कर्ष आहे. घर आपण बदललं, पण रात्रीच्या सवयी कौलारू घराच्याच ठेवल्या.

आता कायदा. 2006 चा महाराष्ट्र आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना अधिनियम चांगला आहे. इमारतीच्या मालकाने किंवा भोगवटादाराने अग्निसुरक्षेची साधनं चालू स्थितीत ठेवायची आणि परवानाधारक संस्थेकडून वर्षातून दोनदा, जानेवारीत आणि जुलैत, तसं प्रमाणपत्र द्यायचं, असं त्यात आहे. साधनं कोणती, हे राष्ट्रीय बांधकाम संहितेच्या धर्तीवर इमारतीच्या प्रकारावर आणि उंचीवर ठरतं. 2016 च्या संहितेत 15 मीटर आणि त्याहून अधिक उंचीची इमारत 'उंच' मानली आहे. हॉटेल, रुग्णालय, मॉल यांना स्वयंचलित धूरशोधक लागतात. पण पेण-रोह्यातली आपली घरं कोणती? तळमजला अधिक तीन, फार तर चार. चाळी, स्वतंत्र घरं, वर काढलेल्या खोल्या. या घरांच्या निजायच्या खोलीत धुराची सूचना देणारं यंत्र असलंच पाहिजे, असं कोणी सांगत नाही. उंची मोजून नियम करणाऱ्यांच्या मनात शिडी कुठवर पोहोचते हा प्रश्न असतो, आणि तो खराच आहे. पण धुराला मजल्यांची पर्वा नसते. दाणाबाजारातल्या त्या घराला किती मजले होते!

भाड्याच्या घराची गोष्ट तर आणखी वेगळी. 2021 साली केंद्राने आदर्श भाडेकरार अधिनियमाचा मसुदा राज्यांना दिला. त्याच्या परिशिष्टात दुरुस्त्यांची वाटणी आहे. भिंतींची सफेदी, नळाची पाइपलाइन, विजेचं वायरिंग मालकाकडे. नळाचे वॉशर, गिझर, सर्किट ब्रेकर, बटणं आणि सॉकेट भाडेकरूकडे. इतक्या बारकाईने लिहिलेल्या यादीत धुराचं नाव नाही. आपल्या राज्यात 1999 चा भाडेनियंत्रण कायदा आहे. जागा दुरुस्त ठेवणं हे त्याच्या 14 व्या कलमाने मालकाचं कर्तव्य आहे आणि 55 व्या कलमाने करार नोंदवणंही मालकाचंच. अकरा महिन्यांचा लिव्ह अँड लायसन्स आपण सगळे करतो. भाडेकरूचा फोटो, आधार, अंगठा घेतो, पोलीस ठाण्यात माहिती देतो. त्या कराराच्या मसुद्यात खिळे ठोकू नयेत, रंग खराब करू नये, पाहुणे ठेवू नयेत, अशी पंधरा कलमं असतात. सगळी भिंतीच्या काळजीची. झोपणाऱ्याच्या काळजीचं एकही नसतं. माझ्याही करारात नव्हतं.

मालकाने का बसवायचं? भाडेकरूने का नाही? मला हा प्रश्न पेणला अनेकांनी विचारला, आणि तो रास्त आहे. उत्तर त्या कलमांतच आहे. खिळा ठोकायची त्याला मनाई केली आहे. तो अकरा महिन्यांनी जाणार, छत इथेच राहणार. आणि आज भाडेकरू कोण आहे ते पाहा. धाटावला कंत्राटावर आलेला बिहारचा मुलगा, डोलवीच्या पोलाद कारखान्यात काम करणारा मराठवाड्यातला फिटर, जानेवारी 2024 मध्ये अटल सेतू सुरू झाल्यावर मुंबईची नोकरी ठेवून पेणला राहायला आलेलं जोडपं. एका खोलीत चार-पाच मुलं, पाळीपाळीने झोपणारी, दाराशी गॅसची शेगडी, कोपऱ्यात एका सॉकेटवर पाच मोबाइल. ही मुलं दिवसा कंपनीत हेल्मेट घालतात, असेंब्ली पॉइंट कुठे आहे ते त्यांना झोपेतही सांगता येतं. त्यांच्या डोक्यावर यंत्र असतं ते पाळीचे आठ तास. निजायच्या आठ तासांत, जेव्हा त्यांना स्वतःची राखण स्वतः करता येत नाही, तेव्हा वर कोरा स्लॅब. हे मला सहन होत नाही.

बाहेरच्या देशांत हे मालकावरच टाकलं आहे. माझी मुलगी इंग्लंडमध्ये भाड्याने राहते. घराची किल्ली देण्याआधी एजंटाने छतावरच्या यंत्राचं बटण दाबून तिला भोंगा ऐकवला आणि ऐकल्याची सही घेतली. तिने पहिल्या रविवारी वालाचं बिरडं केलं, फोडणीला भोंगा वाजला आणि ती टॉवेलने वारा घालत बसली. मला फोन करून म्हणाली, बाबा, काढून ठेवू का? मी म्हटलं, काढू नकोस, दाराचा पडदा लाव आणि खिडकी उघड. इंग्लंडमध्ये ऑक्टोबर 2015 पासून भाड्याच्या घरात दर मजल्यावर किमान एक अलार्म ही घरमालकाची जबाबदारी आहे. जपानने 2011 पर्यंत सगळ्याच घरांना ते बंधनकारक केलं. ऑस्ट्रेलियाच्या क्वीन्सलँड राज्याची हकीकत मला विशेष लागते. 2011 च्या ऑगस्टमध्ये स्लॅक्स क्रीक नावाच्या उपनगरात एका घराच्या आगीत 11 माणसं गेली. मृत्यूंची न्यायालयीन चौकशी झाली, तिच्या शिफारशींवरून कायदा आला, आणि त्यात आधी कोणाला मुदत दिली? भाड्याच्या घरांना. 1 जानेवारी 2022 पर्यंत प्रत्येक भाड्याच्या घरात निजायच्या खोल्यांतून आणि बाहेरच्या बोळात एकमेकांशी जोडलेले अलार्म. एक वाजला की सगळे वाजतात. स्वतःच्या घरात राहणाऱ्यांना 2027 पर्यंतचा अवधी. दुसऱ्याला झोपायला जागा देऊन त्याचे पैसे घेणाऱ्याने आधी सुरुवात करायची, हा क्रम मला फार योग्य वाटतो.

आपल्याकडे सरकारने कायदा करावा यासाठी मी अर्ज लिहिले आहेत, पुढेही लिहीन. पण तोवर तहान लागल्यावर विहीर खणायची नसेल तर करण्यासारखं पुष्कळ आहे, आणि ते आपल्या हवेला धरून करावं लागेल. परदेशी पुस्तकात आपला पावसाळा नाही.

यंत्र स्वयंपाकघरात लावायचं नाही. मिरचीचा ठसका आणि फोडणी यांनी ते रोज वाजेल आणि आठवड्यात कोणीतरी त्याची बॅटरी काढेल. काढलेल्या बॅटरीचं यंत्र नसलेल्यापेक्षा वाईट, कारण ते आहे असं वाटत राहतं. निजायच्या खोलीत किंवा तिच्या दाराबाहेर, छताला लावायचं, कोपऱ्यापासून हातभर सोडून. पंख्याच्या अगदी जवळ नको. आपल्याकडे रात्रभर पंखा फिरतो आणि त्याचा वारा धूर यंत्रापासून ढकलतो. देवघराच्या बरोबर वर नको. जूनमध्ये दिव्यावर येणारे बारीक किडे आणि मुंग्या त्या काळोख्या खोलीत शिरतात, म्हणून पावसाआधी आणि दिवाळीच्या साफसफाईला ते मऊ ब्रशने झाडायचं. वीज जाते, म्हणून बॅटरीवर चालणारंच घ्यायचं. दहा वर्षांनी ते बदलायचं, चांगलं दिसत असलं तरी. साधं एक यंत्र हजार-दोन हजार रुपयांत येतं. माझ्या दोन्ही खोल्यांची मिळून ती रक्कम एका महिन्याच्या भाड्याच्या निम्मीही नव्हती.

ते काय करत नाही, तेही ऐकून ठेवा. त्याला गॅस कळत नाही. स्वयंपाकाचा गॅस हवेपेक्षा जड, तो जमिनीलगत पसरतो. त्याचं यंत्र वेगळं आणि ते खाली लावतात. न्हाणीघरातल्या गॅस गिझरचा कार्बन मोनॉक्साइडही त्याला कळत नाही. तो गिझर बंद न्हाणीघरात असेल तर तो बाहेर काढा, यावर मी चर्चाही करणार नाही.

पेणच्या गणपती कारखान्यांबद्दल थोडं जास्त बोलतो, कारण तिथलं दुखणं वेगळं आहे. हमरापूर-जोह्याकडे पावसाळ्याआधी जाऊन पाहा. खाली कारखाना: प्लास्टर, काथ्या, पेंढा, कागद, थिनरचे डबे, कॉम्प्रेसर. वर घर, किंवा त्याच जागेत मूर्तींच्या मधे चटई टाकून झोपणारे कारागीर. ज्या हातांनी बाप्पाचे डोळे उघडतात ते हात रात्री थिनरच्या डब्याशेजारी उशाला असतात. तिथे मूर्ती घासताना प्लास्टरची भुकटी उडते. धुराचं यंत्र आठवड्यात चोंदेल. म्हणून खाली उष्णता ओळखणारं यंत्र लावावं, आणि धुराचं यंत्र जिन्याच्या वरच्या टोकाला, घराच्या दारात, जिथून धूर वर येणारच. थिनर आणि रंग रात्री वेगळ्या खोलीत कुलपात ठेवावेत. हे मी तीन कारखानदारांना सांगितलं. दोघांनी केलं. एकाने दुसऱ्याच दिवशी कारागिरांच्या चटया दाराजवळ हलवल्या, यंत्र यायच्याही आधी. त्याचं मला फार बरं वाटलं.

आणि मुलं. अमेरिकेत कोलंबसच्या मुलांच्या रुग्णालयात 5 ते 12 वयाच्या 176 मुलांवर एक प्रयोग झाला, 2018 साली तो छापून आला. नेहमीच्या भोंग्याने निम्म्याच्या आसपास मुलं उठली. त्याच यंत्रात आईचा आवाज भरला तेव्हा दहातली जवळजवळ नऊ उठली. याचा अर्थ असा की मुलांच्या खोलीतला भोंगा मुलांसाठी पुरेसा नाही; तो आई-बापांना ऐकू गेला पाहिजे आणि मुलाला कोणी उचलायचं हे आधी ठरलेलं पाहिजे. ठरवताना खिडकीचं ग्रिलही बघा. एका तरी खिडकीचं ग्रिल बिजागरीवर उघडणारं करून घ्या आणि किल्ली त्याच भिंतीवर, मुलाच्या हाताला लागेल अशी, खिळ्याला अडकवा.

जानेवारीत आपण शेतात पोपटी लावतो. भांबुर्ड्याचा पाला, वालाच्या शेंगा, उपडं मडकं, भोवती पेंढ्याचा जाळ. तेव्हा कोणीतरी एकजण शेवटपर्यंत विस्तवाशी बसतोच. त्याला कोणी सांगावं लागत नाही. विस्तवाजवळ माणूस जागा ठेवायचा, हे आपल्या रक्तात आहे. दसऱ्यानंतर धावीर महाराजांच्या पालखीला रोह्यात पोलीस मानवंदना देतात, ती गावाच्या राखणदाराला देतात. आपण फक्त एवढंच विसरलो की आता विस्तव शेतात नाही, भिंतीतल्या वायरीत आणि उशाखालच्या चार्जरमध्ये आहे.

माझ्या करारात आता एक कलम आहे. मजकूर मी वकिलांकडून लिहून घेतला नाही, साध्या मराठीत आहे: खोलीत धुराचा अलार्म मालकाने बसवला आहे, किल्ली देताना तो वाजवून दाखवला आहे, दर महिन्याला भाडं घेताना मालक तो वाजवून पाहील, भाडेकरूने तो काढायचा नाही, बॅटरीचा खर्च मालकाचा. महिन्याच्या पाच तारखेला मी वर जातो. भाडं घेण्याआधी बटण दाबतो. नांदेडचं ते कुटुंब पुढे पनवेलला गेलं. ती मुलगी आता दहावीला असेल. मध्यंतरी तिच्या वडिलांचा फोन आला होता, नवीन घर भाड्याने घेतोय, मालकाकडे काय काय मागू, असं विचारत होते. हेच सांगितलं.

पेण आणि रोहे, दोन्ही नगरपरिषदांचे सदस्य इथे बसले आहेत. घरपट्टीच्या पावतीसोबत मालकांना एक पत्रक जाऊ शकतं. करार नोंदवणारे एजंट त्यांच्या छापील मसुद्यात ते कलम आधीच घालून ठेवू शकतात. मसुदा मी टाइप करून आणला आहे, दाराशी ठेवला आहे, हवा तितका घ्या.

यंत्रही आणलं आहे, इथे टेबलावर. ज्यांना पाहायचं असेल त्यांनी पुढे यावं. बटण मधोमध आहे, तीन सेकंद दाबून धरावं लागतं. मागच्या रांगेत आजोबा बसले आहेत, त्यांना कमी ऐकू येतं असं मला मघाशी कळलं. आजोबा, तुम्ही तिथेच बसा. ते दार लावून घेऊ आणि तुम्हाला तिथवर ऐकू येतं का, ते आधी बघू.